निवडून बाजूला काढलेले दाणे जातात कुठे?

खळ्यावर भुईमुगाच्या शेंगा आणि मक्याची कणसं यायला लागली की आमच्या केंद्राचा फोन वाजायला लागतो. प्रश्न दरवर्षी थोड्याफार फरकानं एकच असतो. "ताई, काढणीत पाऊस लागला, दाण्यावर बुरा चढलाय. कडक ऊन दाखवलं तर खायला चालेल ना?" कुणी विचारतं, भाजून घेतलं तर? कुणी म्हणतं, धुऊन, वाळवून, दळून आणलं तर? आज या एका प्रश्नाला धरूनच बोलायचं आम्ही ठरवलं आहे.

उन्हानं बुरशीची वाढ थांबते. पण तिनं दाण्यात सोडलेलं विष तसंच राहतं. उंदीर घरातून हाकलला तरी त्याच्या लेंड्या धान्यात राहतातच, तसं. हे विष मोडायला दोनशे अंशांच्या बरीच वर उष्णता लागते. उकळतं पाणी शंभर अंशांवर असतं, कुकरमध्ये त्याहून थोडं जास्त. भाकरी तव्यावर कितीही टम्म फुगली तरी तिच्या आतला भाग त्या उष्णतेच्या जवळपासही जात नाही. शेंगदाणे खरपूस भाजले तर विष काही प्रमाणात कमी होतं, संपत नाही. म्हणजे चूल आपल्याला यातून वाचवत नाही. जे करायचं ते धान्य चुलीपाशी यायच्या आधी.

या विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. नाव अवघड आहे, पण ते कसं पडलं ते ऐकलंत तर लक्षात राहील. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की नावाच्या पाळीव पक्ष्यांची लाखभराहून जास्त पिल्लं पटापट मेली. कारण सापडेना, म्हणून सुरुवातीला त्या रोगाला नुसतं 'क्ष रोग' म्हटलं गेलं. शोधता शोधता माग लागला तो खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीचा. ती पेंड ब्राझीलहून आली होती आणि तिच्यात अस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचं विष होतं. अस्परजिलसचा 'अ', फ्लेव्हसचा 'फ्ला' आणि विषाला 'टॉक्सिन'. फ्लेव्हस म्हणजे पिवळा. ही बुरशी पिवळसर हिरवी, पोपटाच्या पिसासारखी दिसते.

इंग्लंडमधले पक्षी आपल्याला लांबचे वाटतील, म्हणून जवळचं सांगतो. १९७४ साली राजस्थानातला बांसवाडा आणि त्याला लागून असलेला गुजरातेतला पंचमहाल, या आदिवासी पट्ट्यात काविळीची विचित्र साथ आली. ताप, उलट्या, डोळे पिवळे, मग पोटात पाणी भरून पोट फुगायचं. शंभराहून जास्त गावांत हे घडत होतं. ३९७ आजारी माणसांची नोंद झाली आणि त्यातली शंभरावर दगावली. साधी कावीळ म्हणावी तर या घरांतली कुत्रीसुद्धा तशीच मरत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी घराघरातला मका तपासला. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला होता, मका ओलाच साठवला गेला होता, त्यावर बुरशी चढली होती. माणसं तोच मका रोज, दोन्ही वेळेला खात होती. कुत्र्यांच्या वाट्याला त्याच भाकरीचा तुकडा.

त्या घरांतल्या बायांना मका खराब झालेला दिसत नसेल का? दिसत असणारच. पण घरात दुसरं काही नव्हतं. म्हणून 'बुरशीचं खाऊ नका' एवढं सांगून आम्हाला थांबता येत नाही. आपल्या नंदुरबार-धुळ्याकडच्या कित्येक घरांत आजही मक्याची भाकरीच रोजची आहे, आणि काढणीतला पाऊस तर आता सगळीकडेच येतो.

आता ही बुरशी येते कुठून ते बघू. ती मातीतच असते, जुन्या पाल्यापाचोळ्यावर जगते, वाऱ्यानं उडते. आपल्या शेतातून तिला कायमची घालवणं शक्य नाही. नुसती ती असल्यानं काही बिघडत नाही, बिघडतं ते तिला संधी मिळाल्यावर. भुईमुगात पहिली संधी मिळते शेंगा भरताना पाण्याचा ताण पडला आणि जमीन तापली की. दाण्याची स्वतःची प्रतिकाराची ताकद असते, पण ती दाण्यात पुरेसा ओलावा असेपर्यंतच. शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात पाऊस उघडला, माती भेगाळली, त्यात हुमणीनं किंवा वाळवीनं शेंग टोकरली, की बुरशीला दार उघडंच मिळालं. तेव्हा शेंग जमिनीतच असते आणि आपल्याला वरून काहीच दिसत नाही. म्हणून पाणी थोडंच असेल तर ते शेंगा भरायच्या वेळेसाठी राखून ठेवावं. पेरणीच्या वेळी बियाण्याला ट्रायकोडर्मा लावावं. ती चांगली बुरशी आहे, वाईट बुरशीला जागा मिळू देत नाही. आणि पीक तयार झाल्यावर मजूर मिळत नाहीत म्हणून आठ-पंधरा दिवस जमिनीत राहू देऊ नये. शेवटचं बोलायला सोपं आणि करायला अवघड आहे, हे आम्हालाही माहीत आहे.

दुसरी संधी काढणीनंतर, आणि ही मोठी. उपटलेल्या ओल्या शेंगेत वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. ते ८-९ टक्क्यांवर यायला हवं. मधले जे दिवस असतात त्यात सगळा खेळ होतो. वेल उपटून तसेच ढीग घातले की आत वाफ धरते. हात घालून बघा, कोमट लागतं. बुरशीला याहून सुखाची जागा नाही. त्यापेक्षा वेल उलटे करून, शेंगा वर आणि पाला खाली, असे ओळीनं दोन-तीन दिवस ठेवावे. मग शेंगा तोडून पातळ पसरून वाळवाव्या. उघड्या मातीवर नको, ताडपत्रीवर किंवा सारवून चांगल्या वाळलेल्या खळ्यावर. संध्याकाळी दव पडायच्या आत झाकून ठेवाव्या आणि सकाळी ऊन चढल्यावर उघडाव्या. रात्रभर उघड्या राहिल्या तर दिवसा घालवलेला ओलावा रात्री परत येतो.

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? शेंग कानाशी धरून हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे. दाणा बोटांत चोळला की लाल साल सुटली पाहिजे. मक्याचा दाणा दाताखाली धरला तर कट्कन फुटला पाहिजे, चेपला जाता कामा नये. आणखी एक सोपी मिठाची परीक्षा आहे. कोरडी काचेची बाटली घ्या, तिच्यात उन्हात चांगलं वाळवलेलं मीठ थोडं घाला, वर मक्याचे मूठ-दोन मूठ दाणे घाला, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा आणि थोडं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर मक्यात १५ टक्क्यांहून जास्त ओलावा आहे, तो पोत्यात भरू नका. चिकटलं नाही तरी लगेच निश्चिंत होऊ नका, कारण मका १२-१३ टक्क्यांवर यायला हवा. एक-दोन ऊन आणखी दिलेलं बरं. गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे किंवा व्यापाऱ्याकडे ओलावा मोजायचं यंत्र असतं. विकताना ते आपल्या मालाला लावतातच. साठवताना आपणही मूठभर दाणे नेऊन मोजून मागावे.

आता शेंगा फोडण्याबद्दल, कारण हे काम पुरतं बायांचं आहे आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. हातानं शेंगा फोडून बोटांची टोकं सोलवटतात. अंगठ्याच्या नखाखाली ठणका लागतो. म्हणून शेंगांवर पाणी शिंपडायचं किंवा त्या थोडा वेळ भिजत घालायच्या, की टरफल मऊ होतं. आफ्रिकेत मलावी देशातल्या बायकाही अगदी हेच करतात, तिथल्या अफ्लाटॉक्सिनच्या अभ्यासांत ते एक मोठं कारण म्हणून नोंदलेलं आहे. इतक्या कष्टानं वाळवलेल्या शेंगेत आपणच पाणी परत घालतो. 'पाणी मारू नका' असं नुसतं सांगणं मात्र अन्याय आहे, दुखणारी बोटं सांगणाऱ्याची नसतात. हातानं दांडा मागेपुढे करून चालवायचं शेंगा फोडणी यंत्र मिळतं, वीज लागत नाही. बचत गटानं एक घेतलं तर गल्लीला पुरतं. आणि घरच्या वापराच्या शेंगा एकदम फोडूच नका. टरफल हीच दाण्याची सगळ्यात चांगली डबी आहे, लागतील तशा फोडा.

साठवणीचं थोडक्यात. पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकून नको, खाली लाकडी फळ्या हव्या. उन्हातून आणलेलं धान्य गरम असतानाच पत्र्याच्या कोठीत भरू नये, रात्री पत्रा गार पडला की आत घाम येतो. आजकाल हवाबंद पिशव्या मिळतात, त्या चांगल्या आहेत, पण धान्य पूर्ण वाळलेलं असेल तरच.

इथपर्यंतचं तुम्हाला बरंचसं ठाऊक असेल. आजचा खरा मुद्दा पुढे आहे.

आपण सुपात दाणे घेऊन निवडायला बसतो. हे काम फार मोलाचं आहे. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. शंभरातले दोन-चार दाणे विषानं भरलेले आणि बाकीचे स्वच्छ, असंच बहुतेक वेळा असतं. सुरकुतलेले, काळपट, पिवळे पडलेले, किडीनं टोकरलेले, हिरवट पूड चढलेले दाणे काढले तर विषाचा बराच मोठा भाग त्यांच्याबरोबर जातो. देशाच्या अन्न सुरक्षा कायद्यानं धान्यात अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. म्हणजे एक टन धान्यात सगळं मिळून १५ मिलिग्रॅम, चिमूटभर साखरेहूनही कितीतरी कमी. इतक्या थोड्या विषाची मोजणी प्रयोगशाळेतच होते, आणि वरून स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही ते कधी असू शकतं. तरी घरात आपल्याजवळ असलेल्या उपायांत डोळा आणि सूप यांच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

पण निवडून बाजूला काढलेले दाणे जातात कुठे? आठवून बघा. टपोरे दाणे बाजाराला. मधले लाडवाला, चिक्कीला. बारके, सुरकुतलेले कुटाला. आणि अगदीच काळे गुराच्या आमोणात नाहीतर कोंबड्यांपुढे. टाकून कुणीच देत नाही. अन्न टाकायचं नाही, हे आपल्या हाडात भिनलेलं आहे.

कुटाचंच घ्या. आमटीत कूट, भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट. उपवासाच्या दिवशी तर साबुदाण्याच्या खिचडीपासून दाण्याच्या आमटीपर्यंत सगळं शेंगदाण्यावरच. आणि उपवास जास्त कोण करतं? आपणच. एकदा कूट झालं की काळा दाणा आणि पांढरा दाणा ओळखू येत नाही, गूळ-मीठ-तिखटात कडवटपणाही बुडतो. म्हणून कुटाचे दाणे लाडवाच्या दाण्यांपेक्षाही निगुतीनं निवडायला हवेत. बाजारातलं तयार स्वस्त कूट आणि तुकडा दाणा आम्ही तरी घेऊ नका असंच सांगू. अख्खा दाणा निदान डोळ्यांनी बघता येतो. भाजलेला दाणा खाताना कडू किंवा खवट लागला तर थुंकून टाका, चारचौघांत असलात तरी. मुलांनाही तेच शिकवा. तीच गोष्ट मिरचीची. ढिगात ओलसर राहिलेल्या, आतून बुरसटलेल्या मिरच्या तिखटात दळून टाकायची सवय घातक आहे.

तेलाबद्दल विचारलं जातं. दाणे गाळले की बहुतेक विष पेंडीत राहतं, थोडं तेलात येतं. कारखान्यात शुद्ध केलेल्या तेलातून ते निघून जातं, घाण्याच्या कच्च्या तेलातून निघत नाही. घाण्याचं तेल खाऊ नका असं नाही, पण घाण्यावर स्वतःचे दाणे निवडून न्या. खराब दाण्याचं तेल काढून तो 'मार्गी लावला' असं समजू नका.

आणि पेंडीतलं विष कुठे जातं? गव्हाणीत. बुरशीची भुईमुगाची पेंड, सरकीची पेंड, भिजलेला मका, काळा पडलेला कडबा, मुरघासाचा बुरसटलेला वरचा थर. गाय ते खाते, तिचं यकृत त्याचं रूप थोडं बदलतं, आणि शंभर भागांतला एक ते तीन भाग दुधात उतरतो. पहिल्या दिवसभरातच उतरू लागतो. दूध उकळून तो जात नाही. दह्यात, पनीरमध्येही राहतो. देशभरात २०१८ साली दुधाची मोठी पाहणी झाली. तपासलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं. लोकांना भीती होती ती भेसळीची, पण त्या पाहणीत या विषाचा प्रश्न भेसळीपेक्षा मोठा दिसला. म्हणजे आपण सुपातून काढलेला काळा दाणा गाईच्या पोटातून फिरून लेकराच्या वाटीत येतो. दिलासा एवढाच, की खराब खाद्य बंद केलं की तीन-चार दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होतं. गाय-म्हैस खायची कमी झाली, दूध घटलं, तर औषध शोधण्याआधी पेंडीचं पोतं फोडून वास घ्या. कोंबड्यांचं तर विचारूच नका, पिल्लांना हे विष फार लवकर बाधतं.

१९७४ सारखी साथ रोज येत नाही. पण थोडं थोडं विष वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं कधीच मान्य केलं आहे. ज्यांना ब प्रकारच्या काविळीची लागण आहे त्यांना धोका कित्येक पटींनी जास्त. बाळाला जन्मल्याबरोबर, पहिल्या २४ तासांत ब काविळीची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, ती चुकवू नका. पश्चिम आफ्रिकेत बेनिन आणि टोगो इथल्या लहान मुलांच्या रक्तात या विषाची खूण जास्त होती तशी त्यांची उंची आणि वजन कमी होतं, असंही दिसलं आहे.

बुरशी ही एकच नाही, म्हणून दोन शब्द ज्वारी-बाजरीबद्दल. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन माणसांचं पोट दुखायला, गुरगुरायला, जुलाब व्हायला लागले. ते विष वेगळ्या बुरशीचं होतं, फ्युमोनिसिन नावाचं. ते धान्य खाणं थांबवलं तशी माणसं बरी झाली. बाजरीच्या कणसावर आधी मधासारखा चिकटा येतो आणि मग दाण्याच्या जागी काळे खडे धरतात, त्याला अरगट म्हणतात. ते पोटात गेले तर मळमळ, उलट्या, चक्कर. त्यावरचा उपाय मात्र सुखाचा आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी टाका, काळे खडे आणि पोचट दाणे वर तरंगतात. ते काढून खाली बसलेली बाजरी दोन-तीन पाण्यांनी धुवा आणि वाळवा. बियाण्यालाही हेच करतात.

आता एक नाजूक गोष्ट. शेंगा तोडायला, फोडायला गेलेल्या बाईला पुष्कळदा मजुरी मालातच मिळते, आणि तो माल नेहमी चांगल्या राशीतला असतोच असं नाही. निवडून उरलेलं 'घेऊन जा, कोंबड्यांना होईल' म्हणून पदरात घातलं जातं. ते कोंबड्यांपर्यंत जात नाही, त्याची चटणी होते. देणाऱ्या बाईला आमचं सांगणं आहे, की जे आपल्या मुलाला देणार नाही ते दुसरीच्या पदरात घालू नका. घेणारीनं मागताना 'अख्ख्या शेंगा द्या' असं मागावं. फोडलेल्या दाण्यांपेक्षा शेंगेत फसवणूक कमी होते आणि त्या टिकतातही. गटानं मिळून हे बोललं तर एकटीला वाईटपणा येत नाही. आमच्या ऐकणाऱ्यांपैकी काही जणींनी मजुरी ठरवतानाच हे बोलून घ्यायला सुरुवात केली आहे.

टाकायचे दाणे चुलीत घालू नका, त्या धुराजवळ बसून आपल्यालाच स्वयंपाक करायचा असतो. उकिरड्यावर फेकले तर गुरं आणि कोंबड्या टिपतात. घरापासून आणि विहिरीपासून लांब कमरेइतका खड्डा खणा, त्यात ओता, वर माती दाबून घाला. निवडताना आणि पुरताना नाकातोंडावर ओलं फडकं घट्ट बांधा, नंतर सूप आणि चाळणी धुऊन उन्हात ठेवा. दमा असलेल्या बाईनं हे काम करू नये, घरातल्या गड्यामाणसाला सांगावं.